एक्टोडर्मल डिस्प्लेसिया: मुलाचे टोकदार दात काढावेत का, आणि मुलीला तारा कधी? (ठाणे)

मानपाडा_आई

नमस्कार. दोन्ही मुलांबद्दल एकत्रच विचारते, कारण मूळ एकच असावं असं डॉक्टरांचं म्हणणं आहे.

मुलगा साडेसात वर्षांचा आहे. हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसियाचं (घाम, केस आणि दात कमी असण्याचा जन्मजात आजार) निदान त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांनीही केलंय, जनुकीय चाचणी अजून झालेली नाही. घाम जवळजवळ येत नाही, केस विरळ, तोंड कोरडं. वर मधले दोन कायमचे पटाशीचे दात आहेत, दोन्ही टोकदार आणि मध्ये मोठी फट. त्याशिवाय दोन दुधाचे सुळे आणि दोन्हीकडची पहिली कायमची दाढ. खाली दुधाचे दोन टोकदार सुळे आणि उजवीकडे दुधाची एक दाढ, एवढंच. ओपीजीत (दोन्ही जबड्यांच्या पूर्ण एक्स-रेत) खाली डावीकडे एका कायमच्या दाढेचा अंकुर दिसतो. तोंड मिटलं की हनुवटी वर येते आणि ओठ बाहेर दुमडतात.

तीन ठिकाणी तीन सल्ले मिळाले. एक म्हणतात, खालचे दोन सुळे काढून पूर्ण कवळी करू. दुसरे वर-खाली इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम दात) सुचवतात. तिसरे म्हणतात, अठरा वर्षांपर्यंत काहीच करू नका.

मुलगी तेरा वर्षांची. केस आणि घाम जवळपास नॉर्मल. वरच्या मधल्या दातांशेजारचा उजवा दात जन्मतःच नाही, डावा आहे पण खुंटीएवढा बारीक. खाली डावीकडे दुसरी उपदाढ नाही, तिथे दुधाची दाढ अजून टिकून आहे. एका अलायनर (तारांऐवजी दात सरकवणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) काउंटरवर स्कॅन करून "सहा महिन्यांत सगळ्या फटी बंद" असं सांगितलं.

मुलासाठी कोणत्या क्रमाने जावं? मुलीच्या फटी बंद करणं बरोबर आहे का? दिसण्याचा प्रश्न दोघांनाही शाळेत भेडसावतो, तो बाजूला ठेवायचा नाही.

बालदंत_नेरूळ

ताई, सगळ्यात आधी हे: खालचे दोन सुळे काढू देऊ नका. ते हलत नसतील, किडून पू झालेला नसेल, तर त्यांना हात लावायचं कारणच नाही. दात धरून ठेवणारं हाड दाताबरोबरच वाढतं. जिथे दात कधी उगवलाच नाही तिथे ते तयारच होत नाही आणि हिरडीची कड सुरीच्या पात्यासारखी पातळ राहते. तुमच्या मुलाच्या खालच्या जबड्यात पुढे जे थोडं रुंद हाड आहे ते या दोन सुळ्यांच्या भोवतीच आहे. सुळे गेले की ते झिजणार. मग कवळीला धर नाही आणि पुढे इम्प्लांटलाही जागा नाही. शिवाय खालून कायमचा सुळा येणार नसल्यामुळे दुधाच्या सुळ्याचं मूळ विरघळायचा वेग कमी असतो. असे दात कित्येकदा विशीपर्यंत टिकतात.

"अठरापर्यंत काही नको" हेही तितकंच चूक. कवळी तीन-चार वर्षांच्या मुलालाही देता येते, तुमचा मुलगा तर साडेसातचा आहे. दाढांचा आधार नसल्यामुळे त्याचा जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतोय, म्हणून हनुवटी वर येते आणि ओठ दुमडतात. खालची कवळी त्या सुळ्यांवरून टोपीसारखी बसवायची, सुळे आत तसेच राहतात. याला ओव्हरडेंचर म्हणतात. सुळे मुळातच छोटे आणि निमुळते असल्यामुळे बहुतेक वेळा कापावे लागत नाहीत.

क्रम असा ठेवा. पहिल्या भेटीत दात साफ करून ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं व्हार्निश, आणि ते दर तीन महिन्यांनी. कोरड्या तोंडात कीड झपाट्याने लागते आणि तुमच्याकडे गमावायला एकही दात नाही. घरी फ्लोराइड असलेलीच पेस्ट वापरा, वाटाण्याएवढी, आणि रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नाही. नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं, ट्यूबवर वाचून घ्या.

मग वरचे दोन टोकदार दात कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या भरावाने) भरून नेहमीच्या आकाराचे करायचे. हे एका बैठकीत होतं आणि शाळेतला प्रश्न निम्मा इथेच सुटतो. यात दात अजिबात घासायचा नाही. या वयात दाताची नस मोठी असते, टोपी बसवण्यासाठी कापायला गेलं तर ती उघडी पडते. प्युमिसने साफ करायचं, ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिड, धुणं, वाळवणं, बाँड (चिकटवणारं द्रव), मग सेल्युलॉइडच्या पारदर्शक साच्यात कंपोझिट भरून बसवायचं. साच्याच्या कोपऱ्याला बारीक भोक हवं, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि नेमका तिथेच तुकडा उडतो. रबर डॅमची (दात कोरडा ठेवणाऱ्या रबरी पडद्याची) क्लॅम्प निमुळत्या दातावर टिकत नाही, घसरते. दोरा बांधून डॅम धरावा लागतो. मधली फट पूर्ण बुजवायचा आग्रह धरू नका. दोन दात अवाढव्य दिसतात आणि पुढे ऑर्थोला (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना) अडचण होते. थोडी फट राहू द्या.

हे कंपोझिट वारंवार निघतं अशी तक्रार येते. दोष बहुतेक वेळा बाँडचा नसतो. मागे दाढांचा आधार नसला की चावताना सगळा भार पुढच्या दोन दातांवर येतो. म्हणून कंपोझिट आणि कवळी यांच्यात महिनोन्‌महिने जाऊ देऊ नका, दोन्ही एकाच टप्प्यात करा. आधी कंपोझिट आणि मगच माप, कारण टोकदार दाताला कवळीचा हुक धरत नाही. कंपोझिटने फुगवटा दिला की धरतो.

वरची कवळी अर्धी म्हणजे काढ-घाल प्लेट असेल, खालची पूर्ण रुंदीची. साधारण पाच भेटी लागतात: पहिलं माप, खास ट्रे बनवून दुसरं माप, चाव्याची नोंद, मेणावर दात लावून ट्रायल, आणि देणं. दिल्यावर दुसऱ्याच दिवशी आणि मग आठवड्याने दाखवायचं. पहिला आठवडा मऊ भात, वरण, उपमा, चिकू. मग पोळीचे छोटे तुकडे, दोन्ही बाजूंनी चावून. "स", "श" आणि "च" सुरुवातीला बिघडतात. रोज मोठ्याने वाचून घेतलं की काही आठवड्यांत बसतात.

मूल वाढतं, कवळी वाढत नाही. साधारण दोन-तीन वर्षांनी नवी करावी लागेल, मधे अस्तर बदलावं लागेल. हे पहिल्याच दिवशी खर्चात धरा.

जागा सुचवायची तर बालदंत, ऑर्थो आणि प्रोस्थो (कवळी, ब्रिजसारखे कृत्रिम दात) हे तीन विभाग एकाच छताखाली असलेलं दंत महाविद्यालय बरं. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ थेट आहे. मुंबईत नायर आणि सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय. तिन्ही विभागांनी मिळून एका कागदावर क्रम लिहून द्यावा, एवढं मागाच.

भूलतज्ज्ञ_कळवा

वरच्या सल्ल्यात एक भर. या मुलाला उष्णता सोसत नाही हे दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच फोनवर सांगा. सकाळची पहिली वेळ घ्या, एसी खोली मागा. ठाण्यात मार्च ते मे दुपारी लोकलने नेऊ नका. नेणं भागच असेल तर पाण्याची बाटली, फवारा, ओला सुती शर्ट आणि हातपंखा बरोबर ठेवा. आपल्याकडची हवा दमट असल्यामुळे नुसतं ओलं कापड पुरत नाही, त्यावर वाराही घालावा लागतो. अंग तापलं तर लगेच पॅरासिटामॉल देऊन निश्चिंत होऊ नका. घाम न आल्यामुळे चढलेलं तापमान त्याने उतरत नाही, शरीर बाहेरून गार करावं लागतं. संसर्गाचा ताप ही वेगळी गोष्ट, तो डॉक्टरांना दाखवा.

पूर्ण भूल देऊन काम करायचा प्रस्ताव आला तर ते बालभूलतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयातच. दवाखान्यातल्या खुर्चीवर नाही. अॅट्रोपिन आणि ग्लायकोपायरोलेट ही औषधं घाम आणि लाळ आणखी कमी करतात, ती शक्यतो टाळायची असतात. शस्त्रक्रियेदरम्यान तापमान सतत मोजलं जाणार का, हे विचारा. कंपोझिट आणि कवळीच्या मापासाठी भूल लागत नाही, मूल थोडं सरावलं की जागेपणीच होतं.

नाकात सुकलेल्या खपल्या असतात, म्हणून ही मुलं तोंडाने श्वास घेतात आणि माप घेताना घाबरतात. ट्रे तोंडात जाण्याआधी दहा मिनिटं सलाइनचे थेंब टाकून नाक साफ करा. हे छोटं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं.

ऑर्थो_वाशी

मुलीबद्दल लिहितो. "सगळ्या फटी बंद" हे तिच्यासाठी बरोबर नाही, निदान आत्ताच्या माहितीवर तरी नाही. एका बाजूला दात नाहीच आणि दुसऱ्या बाजूला खुंटी. अशा तोंडात जागा सरसकट मिटवली तर मधली रेषा उजवीकडे सरकते, एका बाजूचा सुळा पटाशीच्या जागी येतो आणि हसताना दोन बाजू वेगळ्या दिसतात. सुळा पुढे आणून जागा बंद करणं ही चांगली पद्धत आहे, पण ती कुणासाठी? दाढांचा मेळ, सुळ्याचा रंग आणि जाडी, चेहऱ्याची बाजू, हसताना हिरडी किती दिसते, हे सगळं जुळेल त्यांच्यासाठी. हे ठरवायला ओपीजी, बाजूचा सेफालोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे), दातांचं मॉडेल आणि फोटो लागतात. नुसत्या स्कॅनमध्ये मुळं दिसत नाहीत.

अलायनरचा आक्षेप वेगळाच आहे. खुंटी दाताला प्लास्टिक धरत नाही, आणि मुळासकट दात सरळ उभा करणं हे या केसमधलं मुख्य काम अलायनरला सगळ्यात जड जातं. प्रत्यक्ष तपासणाऱ्या ऑर्थोशिवाय हे सुरू करू नका.

बहुधा योजना अशी बसेल. आधी डाव्या खुंटीला कंपोझिटने खऱ्या रुंदीचा दात करायचा. बाजूच्या पटाशीच्या दाताची रुंदी सर्वसाधारणपणे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असते, तिचे मधले दात मोजून प्रमाण ठरवायचं. आकार आल्याशिवाय ब्रॅकेट (तार धरणारा छोटा तुकडा) नीट जागेवर बसत नाही. खुंटीच्या दोन्ही बाजूंना पुरेशी जागा नसेल तर आधी थोडी स्प्रिंगने उघडायची आणि मग भरायचं. त्यानंतर उजवीकडे तेवढीच जागा करायची.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे जागा वर दिसते पण मुळांमध्ये नसते. मधला दात आणि सुळा यांची मुळं एकमेकांकडे झुकलेली राहतात. पुढे इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या मुळापासून किमान दीड मिलिमीटर अंतर लागतं, म्हणजे सव्वातीन-साडेतीन मिलिमीटरच्या बारीक इम्प्लांटलाही मुळांच्या पातळीवर सहा-साडेसहा मिलिमीटर हवेत. म्हणून तारा काढण्याच्या काही महिने आधी एक्स-रे काढून मुळं समांतर आहेत का ते पाहा, आणि प्रोस्थोने "चालेल" म्हटल्यावरच तारा काढा. नंतर कळलं तर पुन्हा तारा लावाव्या लागतात.

इम्प्लांट आत्ता नाही, तारा संपल्यावर लगेचही नाही. इम्प्लांट हाडाला चिकटलेला असतो, तो खाली उतरत नाही. शेजारचे दात वाढीबरोबर उतरत राहतात, मग इम्प्लांटचा दात आखूड दिसतो आणि हिरडीची रेषा वर राहते. जबड्याची वाढ थांबली हे एकेक वर्षाच्या अंतराने काढलेले दोन सेफालोग्राम एकमेकांवर ठेवून ठरवायचं, वाढदिवसावरून नाही.

मधल्या वर्षांसाठी एका पंखाचा मेरीलँड ब्रिज सगळ्यात चांगला. खोटा दात एकाच शेजारच्या दाताला मागून चिकटवायचा. दोन्हीकडे पंख चिकटवले तर जास्त पक्कं वाटतं, पण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात, एक पंख नकळत सुटतो आणि त्याखाली कीड लागते. पंखाला मागे साधारण पाऊण मिलिमीटर जागा लागते, ती ऑर्थोनेच चावा थोडा उघडून ठेवायची असते. म्हणून ब्रिज करणाऱ्याशी आधी बोला. ब्रिज होईपर्यंत खोटा दात बसवलेला रिटेनर (सरळ केलेले दात जागेवर ठेवणारी प्लेट). त्यात रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारेचे थांबे हवेत, नाहीतर जागा आक्रसते.

खालची दुधाची दाढ: मूळ शाबूत असेल आणि दाढ शेजारच्या दातांच्या पातळीत असेल तर ठेवा. ती उपदाढेपेक्षा रुंद असते, दोन्ही बाजूंनी थोडी घासून रुंदी कमी करता येते. पण ती खाली बसत चालली असेल आणि शेजारचे दात तिच्यावर झुकत असतील तर लवकर निर्णय घ्यावा लागतो. तेव्हा पूर्ण उपटण्याऐवजी वरचा भाग काढून मूळ आत ठेवण्याचाही पर्याय असतो, त्याने हाडाची रुंदी राहते. दर वर्षी तिथला छोटा एक्स-रे काढत जा.

ज्यांना बरेच दात जन्मतः नसतात त्यांच्यात तारांमुळे मुळं आखडण्याचा धोका जास्त असतो. हलकं बळ, लांब अंतराच्या भेटी, आणि सहा महिन्यांनी पुढच्या दातांचा एक्स-रे. मूळ आखडताना दिसलं तर दोन-तीन महिने तार निष्क्रिय ठेवायची.

मानपाडा_आई

खूप उपयोगी पडतंय, धन्यवाद. बालदंत डॉक्टर, एका ठिकाणी मुलासाठी "फ्लेक्सिबल" कवळी सुचवली, तुटत नाही म्हणून. ती घ्यावी का? आणि मुलाच्या मोठेपणी इम्प्लांटचं काय?

लॅब_नौपाडा

ताई, कवळीचं मी सांगतो, बनवणाऱ्याच्या बाजूने. वाढत्या मुलाला फ्लेक्सिबल नको. ती नायलॉनची असते. वाढीबरोबर अस्तर बदलावं लागतं, दात जोडावा लागतो, आणि नायलॉनला नवं मटेरिअल नीट चिकटत नाही. म्हणजे दर वेळी नवीनच करा. साधं, उष्णतेने शिजवलेलं हीट-क्युअर अॅक्रिलिक घ्या. ते तुटलं तर जोडता येतं, घासता येतं, वाढवता येतं.

लॅबला दिलेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी काही गोष्टी लिहिल्या पाहिजेत, नाहीतर लॅबवाला मोठ्या माणसासारखीच कवळी बनवतो. मुलाचं वय. दातांचा सेट सगळ्यात लहान मापाचा, आणि तोही घासून कमी करायचा. दाढा सपाट माथ्याच्या, टोकं असलेल्या नकोत, कारण पातळ हिरडीवर टोकदार दाढा कवळी आडवी सरकवतात. रंग शेजारच्या उरलेल्या दातांना जुळवून. दुधाचे दात कायमच्यापेक्षा पांढरे असतात, त्यामुळे एकच शेड पुढे-मागे चालत नाही. सुळ्यांच्या वर आतून थोडी मोकळीक ठेवायची, नाहीतर सगळा भार त्याच दोन दातांवर येऊन ते हलायला लागतात. वरच्या प्लेटच्या मध्यरेषेत एक्स्पान्शन स्क्रू (फिरवला की प्लेट रुंद करणारा) मागून घ्या. वरचा जबडा मध्यरेषेवर वाढत राहतो, प्लेट अडसर होऊ नये म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पाव फेरा द्यायचा, मनाने नाही. खालचा जबडा मध्यरेषेवर पहिल्या वर्षातच जुळलेला असतो, तिथे स्क्रूचा फारसा उपयोग नाही.

अॅक्रिलिक शिजवताना घाई केली तर मोनोमर (न शिजलेलं कच्चं रसायन) उरतो आणि कोरड्या हिरडीची आग होते. ७४ अंश सेल्सिअसला दोन तास आणि मग १०० अंशाला एक तास, किंवा ७४ अंशालाच रात्रभर, आणि फ्लास्क (शिजवायचा साचा) आपोआप गार होऊ द्यायचा. तयार कवळी देण्याआधी एक-दोन दिवस पाण्यात ठेवायची. डॉक्टरांना सांगा की लॅबला घाई करू नका.

मापाबद्दल: कोरड्या तोंडात अल्जिनेट (माप घ्यायची पेस्ट) हिरडीला चिकटतं, ट्रे काढताना दुखतं. आधी चूळ भरून तोंड ओलं करायचं. दुसऱ्या मापाला झिंक ऑक्साइड-युजेनॉल पेस्टऐवजी सिलिकॉन. युजेनॉल कोरड्या हिरडीला झोंबतं.

घरी: गरम पाण्यात कवळी बुडवू नका, वाकते. टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडून त्यात बुरशी धरते. हात धुवायचा साबण आणि मऊ ब्रश, खाली बादलीत पाणी, म्हणजे हातून सटकली तरी फुटत नाही. रात्री काढून गार पाण्यात. लाळ कमी असल्याने चिकटून बसत नसेल तर जस्त नसलेलं अॅडहेसिव्ह, वाटाण्याएवढं. टोचत असेल तर घरी घासायला जाऊ नका, आणि दाखवायला नेण्याआधी एक दिवस घालूनच ठेवा. लाल डाग दिसला तरच डॉक्टरांना नेमकी जागा कळते. कवळीत आतून मुलाचं नाव घालून घ्या, शाळेत हरवते. स्कॅन केलेला असेल तर त्या फाइलची प्रत मागून ठेवा, पुढची कवळी करताना वेळ वाचतो.

प्रोस्थो_ठाणे

इम्प्लांटबद्दल. वरच्या जबड्यात वाढ संपेपर्यंत नाही, यावर दुमत नाही. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात वाढ तुलनेने कमी असते, म्हणून खाली एकही दात नसलेल्या मुलांना काही ठिकाणी सुळ्यांच्या जागी दोन इम्प्लांट लवकर लावून कवळी त्यावर बसवतात. तुमच्या मुलाकडे नेमके तेच दोन सुळे आहेत, त्यामुळे आज ती गरज नाही. लहान वयात हाड अरुंद आणि टणक असतं, ड्रिल करताना तापतं, आणि या आजारात लहान मुलांत इम्प्लांट अपयशी होण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे. पुढे सुळे पडले आणि कवळी टिकेनाशी झाली तर विचार करा, तोही सीबीसीटीवर (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर) हाडाची रुंदी मोजून. मोठेपणी हाडाचं रोपण लागू शकतं, हे गृहीत धरा.

बालदंत डॉक्टरांपेक्षा एका बाबतीत माझं मत थोडं वेगळं. मधल्या दोन दातांचं कंपोझिट करण्याआधी चाव्याची उंची मेणाच्या पट्टीवर ठरवून घ्या, मग दाताची लांबी ठरवा. उलट केलं तर कवळी आल्यावर ते दात छोटे वाटतात आणि पुन्हा भरावे लागतात.

बालदंत_नेरूळ

बरोबर आहे, उंची आधी ठरवणं जास्त चांगलं. पहिल्या मापाच्या दिवशीच ते होईल. कंपोझिट त्यानंतर आणि दुसरं माप कंपोझिटनंतर.

जनुक_सल्लागार

चाचणी पुढे ढकलू नका, त्यावर दातांचीही योजना अवलंबून असते. या आजाराचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार एक्स गुणसूत्रावरच्या ईडीए जनुकामुळे होतो. १९९६ मध्ये तो जनुक सापडला. पण आजाराची रीत त्याआधी खूप वर्षं माहीत होती. १८७५ मध्ये चार्ल्स डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे: चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून त्रास, मुलींना आजार नाही, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये तो उतरतो.

तुमच्या मुलीचा नसलेला दात आणि खुंटी दात हे वाहक असण्याचं (जनुकातला बदल अंगात असूनही पूर्ण आजार नसण्याचं) लक्षण असू शकतं. आधी मुलाची चाचणी करा, त्याच्यात नेमका बदल सापडला की तेवढाच बदल तुमच्या आणि मुलीच्या रक्तात तपासता येतो. ते सोपं आणि स्वस्त पडतं. ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिली रक्त पुरतं. ईडीएमध्ये काही निघालं नाही तर ईडीएआर, ईडीएआरएडीडी आणि डब्ल्यूएनटी१०ए हे जनुकही पाहावे लागतात, म्हणून प्रयोगशाळेला एकाच जनुकाऐवजी पॅनेल किंवा क्लिनिकल एक्झोम (अनेक जनुक एकत्र तपासणाऱ्या चाचण्या) विचारा. या वेगळ्या जनुकांत वारशाची रीत वेगळी असते, मुलीचा धोकाही वेगळा मोजावा लागतो.

ईडीएचा बदल तुमच्यात असेल तर प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तुमच्या मुलाकडून त्याच्या मुलग्यांना हा आजार जात नाही, मुली मात्र सगळ्या वाहक असतील. हे मुलांना त्यांच्या वयाला कळेल तेवढंच, पण खरं सांगा. आणि "आईमुळे झालं" असं घरात कुणी म्हणत असेल तर समुपदेशनाला त्यांनाही बरोबर आणा.

मुलाला वारंवार गंभीर संसर्ग होत असतील, म्हणजे न्यूमोनिया, कानातून सतत पू, गळवं, तर दातांची कुठलीही शस्त्रक्रिया करण्याआधी प्रतिकारशक्तीची तपासणी करून घ्या. याच चेहरेपट्टीचा आणि दातांचा एक प्रकार प्रतिकारशक्तीच्या दोषासह येतो.

शाळेला बालरोगतज्ज्ञांचं पत्र द्या: उन्हातली पीटी नको, पंख्याजवळची जागा, पाण्याची बाटली आणि फवारा वर्गात ठेवायची परवानगी, डबा खायला जास्त वेळ. विम्यासाठी दातांच्या डॉक्टरांच्या पत्रात "जन्मजात दात नसणे, चावण्या-बोलण्यासाठी पुनर्वसन" असं कारण लिहून घ्या. "कॉस्मेटिक" एवढंच लिहिलं तर दावा नाकारायला सोपं जातं.

मानपाडा_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नेरूळला वेळ घेते आहे. माप आणि कंपोझिट दिवाळीच्या सुट्टीत करावं की आधीच?

बालदंत_नेरूळ

आधीच करा. कवळीची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, ते सुट्टीत यावेत म्हणून देण्याची तारीख सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात पडेल असं मागे मोजा. व्हार्निशसाठी थांबू नका, ते याच आठवड्यात मानपाड्याजवळ कुठल्याही बालदंत डॉक्टरांकडे होईल. येताना ओपीजीची मूळ डिजिटल फाइल आणा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. मुलीचीही फाइल त्याच दिवशी आणा, म्हणजे ऑर्थो विभागात तिचीही नोंद होईल.